आठवड्याचे १६८ तास: अभ्यासाचा ताळमेळ आणि डोक्यावरचा ताण

विद्यार्थ्याला कामापेक्षा कामाचा अंदाज नसणं जास्त छळतं. ‘केवढं तरी राहिलंय’ हे वाक्य दिवसभर डोक्यात घोळत असतं, पण राहिलंय म्हणजे नेमके किती तास, असं विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. वीस तासांचं काम आणि हाताशी पंधरा तास, ही अडचण सुटते. काहीतरी गाळायचं, काहीतरी लवकर सुरू करायचं, कुणाकडे तरी मुदत मागायची. ‘खूप काम आहे आणि वेळच नाही’ ही अडचण मात्र सुटत नाही, कारण तिला कुठून धरायचं हेच कळत नाही. म्हणून वेळापत्रक आखण्याआधी मोजणी करायची. ताण कमी होण्याची निम्मी वाट तिथेच चालून होते.

आधी तास मोजा

एक कोरा कागद घ्या. आठवड्याचे तास १६८. त्यातून एकेक गोष्ट वजा करत जायचं. झोप सगळ्यात आधी वजा करा. उरलेल्या वेळात झोप बसवू म्हटलं की ती कधीच बसत नाही. हा एक नमुना:

झोप, रोज ८ तास: ५६. उरले ११२.
तासिका आणि प्रॅक्टिकल: ३०. उरले ८२.
जाणं-येणं, सहा दिवस रोज दीड तास: ९. उरले ७३.
जेवणखाण, आंघोळ, कपडे, आवराआवर, रोज अडीच तास: साडेसतरा. उरले साडेपंचावन्न.
घरची कामं किंवा अर्धवेळ नोकरी: ७. उरले साडेअठ्ठेचाळीस.
चालणं, खेळ, व्यायाम, रोज अर्धा तास: साडेतीन. उरले ४५.
मित्रमंडळी, मोबाइल, नुसतं लोळणं, रोज अडीच तास: साडेसतरा. उरले साडेसत्तावीस.

म्हणजे स्वतःच्या अभ्यासाला साडेसत्तावीस तास. तुमचा आकडा वेगळा येईल, पण तो लिहून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. मोबाइलचा वेळ अंदाजाने लिहू नका. फोनच्या सेटिंगमध्ये गेल्या आठवड्याचा स्क्रीनटाइम दिसतो, तोच आकडा घ्या. तो बहुतेक वेळा मनातल्या आकड्यापेक्षा मोठा निघतो आणि त्यातले चार-पाच तास वाचवता येतात का, हे तिथल्या तिथे ठरवता येतं.

आता या साडेसत्तावीस तासांपैकी फक्त सत्तर टक्के, म्हणजे साधारण १९ तास, कामांना वाटायचे. बाकीचे साडेआठ तास मोकळे ठेवायचे. याच ठिकाणी मुलं अडखळतात, कारण मोकळी जागा दिसली की ती भरावीशी वाटते. पण एखाद्या दिवशी ताप येणार, लॅपटॉप रुसणार, अचानक चाचणी जाहीर होणार. ठासून भरलेलं वेळापत्रक पहिल्याच धक्क्याला मोडतं आणि मग ‘आता या आठवड्याचं काही खरं नाही’ म्हणून उरलेले दिवसही हातातून जातात. मोकळे तास असले की घसरलेलं काम तिथे सरकवता येतं आणि बाकीचा आठवडा जागेवर राहतो.

पहिला आठवडा नुसती नोंद ठेवा. वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ओळी आखा आणि दर दोन-तीन तासांनी काय केलं ते दोन शब्दांत टिपा. रात्री एकदम लिहायला बसलात तर आठवणीतून भलतंच काहीतरी उतरतं. शेजारी १ ते ५ मध्ये एक आकडा टाका: त्या वेळी डोकं किती ताजं होतं? सात दिवसांत एक नक्षी दिसू लागते. कुणाचा सकाळी सात ते नऊ हा वेळ ५ चा असतो, कुणाचा रात्री आठ ते दहा. किशोरवयात आणि विशीच्या सुरुवातीला शरीराचं घड्याळच थोडं उशिरा धावतं, त्यामुळे पहाटेचा अभ्यास जमत नसेल तर तो आळस समजू नका. स्वतःचे ५ चे तास ओळखले की सगळ्यात अवघड विषय तिथे टाकायचा. वही पूर्ण करणं, फाइल लावणं, प्रिंट काढणं ही कामं २ च्या तासांत ढकलायची.

काम किती आहे?

आता दुसरी बाजू. सेमिस्टरमधली सगळी कामं एका पानावर आणा: परीक्षांच्या तारखा, सबमिशन, व्हायवा, प्रेझेंटेशन, राहिलेली प्रकरणं. शेजारी तारीख लिहा. पण ‘प्रोजेक्ट रिपोर्ट’ असं लिहिलंत तर ते काम झालं नाही, ते कामांचं गाठोडं झालं. गाठोड्याकडे बघून हात चालत नाही. ते सोडायला लागतं. २,००० शब्दांचा रिपोर्ट सोडला तर आत साधारण हे सापडतं:

१. विषय पक्का करून मुख्य प्रश्न एका वाक्यात लिहिणे: अर्धा तास.
२. संदर्भ शोधून त्यातले सहा निवडणे: दीड तास.
३. सहाही वाचून टिपणं काढणे, प्रत्येकी ४० मिनिटं: ४ तास.
४. आराखडा, कुठल्या भागात काय आणि किती शब्द: पाऊण तास.
५. कच्चा मसुदा, तासाला ४०० शब्दांच्या वेगाने: ५ तास.
६. वाचून दुरुस्ती: २ तास.
७. संदर्भसूची, आकृत्या, फॉरमॅटिंग: १ तास.
८. प्रिंट किंवा अपलोड: अर्धा तास.

बेरीज सव्वापंधरा तास. ‘दोन संध्याकाळी बसलं की होईल’ असं जे वाटत होतं, त्याच्या दुप्पट-तिप्पट. आणि हाही आकडा कमीच आहे, कारण माणूस स्वतःच्या कामाचा वेळ नेहमी कमी धरतो. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या खोडीला नाव दिलं आणि १९९४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ती विद्यार्थ्यांवरच तपासली. शेवटच्या वर्षाचा प्रबंध किती दिवसांत होईल, असं मुलांना विचारलं. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं वाईटात वाईट घडलं तर? उत्तर ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. म्हणजे वाईटाची कल्पना करूनही अंदाज तोकडाच पडला. कारण साधं आहे: अंदाज बांधताना आपण काम कसं होईल याचं चित्र मनात रंगवतो, मागच्या वेळी ते कसं झालं होतं हे आठवत नाही.

यावर उपाय म्हणजे स्वतःचा गुणक काढणे. दोन आठवडे प्रत्येक कामापुढे आधी अंदाज लिहा, काम झाल्यावर लागलेला वेळ लिहा. समजा अंदाज होते २, १ आणि ३ तास, आणि लागले सव्वातीन, दीड आणि सव्वाचार तास. अंदाजांची बेरीज ६, लागलेल्या वेळाची ९. तुमचा गुणक दीड. यापुढे मनात येणाऱ्या प्रत्येक अंदाजाला दीडने गुणायचं. विषयागणिक गुणक वेगळा निघू शकतो. वाचनाचा सव्वा आणि प्रोग्रॅमिंगचा अडीच असं सर्रास होतं, कारण चूक सापडायला किती वेळ लागेल हे आधी कळत नाही.

वरच्या रिपोर्टला दीडने गुणलं तर साधारण २३ तास होतात. आठवड्याच्या १९ तासांतून इतर विषय सांभाळून त्याला फार तर ६ तास देता येतील. म्हणजे चार आठवडे. सबमिशनच्या तारखेपासून चार आठवडे मागे मोजा, तिथे ‘पायरी १’ लिहा. आणि सबमिशनची तारीख स्वतःसाठी दोन दिवस आधीची धरा. प्रिंटर बंद पडणं, फाइल न उघडणं, शेवटच्या रात्री वेबसाइट अडकणं, हे सगळं त्या दोन दिवसांतच होत असतं.

आठवडा आखताना

आठवड्यातून एकदा अर्धा तास बसायचं, शक्यतो दर वेळी ठरलेल्या वारी. आधी बांधील वेळ भरा: तासिका, प्रवास, झोप. मग ५ चे तास अवघड कामांना. मग बाकीचे. एक सलग अर्धा दिवस कोरा सोडा. घसरलेली कामं तिथे येतील. काहीच घसरलं नाही तर तो तुमचा. तो वेळ अपराधी न वाटता घालवायचा, कारण त्या आठवड्याचा हिशोब जुळलेला आहे.

चौकटीत नुसता विषय लिहू नका. ‘७ ते ८: भौतिकशास्त्र’ असं लिहिलंत तर सातला बसल्यावर पहिली पंधरा मिनिटं काय करायचं हे ठरवण्यात जातात आणि बहुधा सोपं तेच निवडलं जातं. ‘७ ते ८: प्रकरण ४ ची उदाहरणं १ ते ६ वहीत सोडवणे’ असं लिहा. वाक्याच्या शेवटी क्रियापद हवं आणि काम संपलं हे ओळखता यायला हवं.

सुरुवात कधी करायची हे घड्याळापेक्षा एखाद्या रोजच्या गोष्टीला बांधलं तर जास्त टिकतं. ‘घरी येऊन बॅग खाली ठेवली की वही काढून पहिलं उदाहरण उतरवायचं.’ ‘अमुक झालं की तमुक करायचं’ अशी गाठ मारून ठेवली की नुसत्या निश्चयापेक्षा काम जास्त वेळा होतं, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलं आणि नंतर पुष्कळ प्रयोगांत दिसलं. अशी गाठ दिवसाला एकच मारा. पाच मारल्या तर पाचही सुटतात.

रात्री दहा मिनिटं उद्याच्या पानासाठी ठेवा. जास्तीत जास्त तीन कामं. त्यातलं एक असं, की बाकी काही झालं नाही तरी ते व्हायलाच हवं. त्याच्याभोवती गोल करा.

बसल्यावरचा तास

आठवडा कितीही नीट आखला तरी टेबलापाशी बसलेले तास पोकळ गेले तर उपयोग नाही. ५० मिनिटांची बैठक अशी लावून बघा.

बसण्याआधी फोन दुसऱ्या खोलीत. उलटा करून शेजारी ठेवण्यात अर्थ नाही, हात आपोआप जातो. टेबलावर एक सुटा कागद ठेवा, वर लिहा ‘नंतर’. मधेच काही आठवलं, कुणाला मेसेज करायचाय, फी भरायची राहिलीये, की ते त्या कागदावर उतरवायचं आणि पुन्हा वहीकडे. एका कामातून दुसऱ्यात उडी मारली की लक्षाचा एक हिस्सा आधीच्या कामातच अडकून राहतो, असं संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं. म्हणूनच ‘एकच मिनिट’ बघितलेला मेसेज एका मिनिटात संपत नाही.

पहिली ५ मिनिटं: पुस्तक बंद ठेवून मागच्या बैठकीतलं जे आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा. पुढची ३५: नवा भाग. शेवटची १०: पुन्हा सगळं मिटा आणि आत्ता शिकलेलं न बघता लिहा, आकृती काढा, एक उदाहरण सोडवा. मग पुस्तक उघडून वेगळ्या रंगाच्या पेनाने सुटलेलं भरा. तो वेगळा रंग म्हणजेच पुढच्या उजळणीची यादी.

शेवटच्या दहा मिनिटांत बरंच आठवत नाही आणि मन खट्टू होतं, म्हणून मुलं ती गाळतात आणि त्याऐवजी धडा पुन्हा वाचतात. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं आणि आठवणं यात फार फरक आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्याला न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. हायलायटरने पानं पिवळी करण्यात जातो तेवढा वेळ या दहा मिनिटांना द्या.

५० मिनिटं सलग बसवत नसेल तर २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती घ्या. फ्रान्सेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर लावून ही रीत बसवली, म्हणून तिला पोमोडोरो म्हणतात. इटालियन भाषेत त्याचा अर्थ टोमॅटो. पाठांतर, टिपणं, कंटाळवाणी कामं यांना ती छान बसते. लांबलचक सिद्धता किंवा कोड लिहिताना मात्र पंचविसाव्या मिनिटाला घंटा वाजली की लागलेली तंद्री तुटते, तिथे ५० किंवा ९० मिनिटांची बैठक घ्या. विश्रांतीत उठा, पाणी प्या, खिडकीतून लांब बघा. फोन उघडू नका. व्हिडिओंची रांग आपणहून कधीच संपत नाही, आणि पाचाची पंचवीस मिनिटं होतात.

उजळणीचं अंतर

एका दिवशी सलग चार तास वाचलेलं प्रकरण आणि तेच चार तास चार वेगवेगळ्या दिवशी वाटून वाचलेलं, यात दुसरं जास्त काळ टिकतं. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा आलेख काढला, तेव्हापासून हे सतत दिसत आलं आहे. परीक्षा जितकी लांब, तितकं दोन उजळण्यांमधलं अंतर मोठं ठेवायचं. ढोबळ हिशोब: परीक्षेपर्यंत उरलेल्या दिवसांचा दहावा ते पाचवा हिस्सा.

परीक्षा ४० दिवसांवर असेल आणि प्रकरण आज शिकलात, तर उजळण्या अशा टाका: उद्या १५ मिनिटं, पाचव्या दिवशी २०, बाराव्या दिवशी २०, पंचविसाव्या दिवशी १५, अडतिसाव्या दिवशी १५. एकूण ८५ मिनिटं. आदल्या रात्री तेच प्रकरण नव्याने काढायला याहून जास्त वेळ लागतो आणि तो वेळ नेमका सगळ्यात महागाचा असतो. प्रत्येक उजळणी कोऱ्या कागदावरच सुरू करायची.

व्याख्या, सूत्रं, सनावळी, शब्दार्थ यांच्यासाठी कार्डं करा, एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. तीन खोके घ्या: पहिला रोज, दुसरा दर तिसऱ्या दिवशी, तिसरा आठवड्यातून एकदा. उत्तर आलं तर कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं तर थेट पहिल्यात. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात सांगितलेल्या पद्धतीचं हे सुटसुटीत रूप. एका कार्डावर एकच गोष्ट लिहा. चार मुद्दे कोंबलेलं कार्ड कायम पहिल्या खोक्यात अडकून पडतं.

गणितासारख्या विषयात एकाच पद्धतीची वीस उदाहरणं ओळीने सोडवू नका. तीन प्रकारांची मिसळून सोडवा. परीक्षेत प्रश्नावर ‘ही अमुक पद्धत लावा’ असं लिहिलेलं नसतं. पद्धत ओळखण्याचा सराव मिसळूनच होतो.

हात का उचलत नाही?

चालढकल ही वेळेची अडचण वाटते, पण तिच्या मुळाशी बहुधा नकोशी भावना असते. काम समोर आलं की पोटात काहीतरी होतं आणि ते टाळायला आपण फोन उचलतो. म्हणून आधी ती भावना कुठली आहे ते बघा. काम समजलेलंच नसेल तर वेळापत्रकाने काही होणार नाही. अडलेली जागा एका प्रश्नात लिहा आणि शिक्षकांना किंवा मैत्रिणीला विचारा. फार मोठं वाटत असेल तर पायऱ्या अजून लहान करा. कंटाळवाणं असेल तर टायमर लावा. चांगलं होणार नाही याची भीती असेल तर मुद्दाम वाईट मसुदा लिहा, वर ‘कच्चा, कुणाला दाखवायचा नाही’ असं लिहून. हा शेवटचा प्रकार हुशार मुलांना सगळ्यात जास्त नडतो आणि त्यांना तो ओळखूही येत नाही, कारण तो ‘अजून थोडं वाचून मग लिहितो’ अशा शहाण्या शब्दांत येतो.

कुठल्याही प्रकारात सुरुवात पाच मिनिटांची करा. फाइल उघडा, शीर्षक टाइप करा, पहिलं वाक्य लिहा. पाच मिनिटांनी थांबायची मुभा खरीच द्या.

झोप, श्वास आणि परीक्षेचा दिवस

१४ ते १७ वयाला ८ ते १० तास झोप लागते, १८ ते २५ वयाला ७ ते ९. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं, त्यामुळे जागून वाचलेली रात्र दोन्हीकडून लुटते: वाचलेलं नीट साठत नाही आणि दुसऱ्या दिवशीचं डोकं जड. उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त हलवू नका; झोपायची वेळ मग आपोआप जागेवर येते. दुपारी डुलकी घ्यायची तर २० मिनिटं, आणि तीनच्या आत. कॉफी-चहातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या १०० मिलिग्रॅमपैकी रात्री अकराला ५० शिल्लक असतं, आणि मग ‘झोपच येत नाही’ म्हणून आपण ताणाला दोष देतो.

आडवं झाल्यावर कामं डोक्यात फिरायला लागतात, यालाही उपाय आहे. २०१८ मधल्या एका प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या दिवसांची कामं सविस्तर लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली. अपुरं काम मनाला टोचत राहतं. ते कधी आणि कसं करायचं हे कागदावर आलं की टोचणी थांबते, मग ते काम प्रत्यक्ष झालेलं नसलं तरी. रात्रीची ती दहा मिनिटं इथेही कामी येतात.

धडधड वाढली, घशाला कोरड पडली, हात गार पडले, की शरीरात ॲड्रेनलिन उसळलेलं असतं. ‘शांत हो’ म्हणून ते ऐकत नाही, श्वासाचं ऐकतं. नाकाने चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटं करा. बाहेर सोडणं लांब हवं. घाईघाईने मोठे श्वास घेतले तर उलट चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, कारण रक्तातला कार्बन डायऑक्साइड एकदम घटतो. तसं झालं तर श्वास लहान आणि सावकाश करा. हा सराव घरी निवांत असताना आठवडाभर करा, परीक्षेच्या दारात पहिल्यांदा करायला गेलात तर जमणार नाही.

परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती जशीच्या तशी कागदावर उतरवणं काहींना फार उपयोगी पडतं. जेरार्डो रमिरेझ आणि सायन बायलॉक यांनी २०११ मध्ये हे तपासलं. परीक्षेचा धसका घेणाऱ्या मुलांना त्याचा जास्त फायदा झाला. कागद फाडून टाका आणि आत जा.

पेपरातल्या वेळेची वाटणी आधीच ठरवा. ८० गुण, १८० मिनिटं. वाचायला ५, तपासायला १५. उरली १६०, म्हणजे गुणाला दोन मिनिटं. पाच गुणांच्या उत्तराला दहा मिनिटं झाली की जागा सोडून पुढचा प्रश्न. एका प्रश्नावर वीस मिनिटं जास्त घालवून मिळतो फार तर एक गुण, आणि शेवटचा दहा गुणांचा प्रश्न कोराच राहतो.

गाडी आधीच चुकलेली असेल तर

परीक्षा नऊ दिवसांवर, बारा प्रकरणं बाकी, प्रत्येकाला चार तास. म्हणजे ४८ तास काम. रोज पाच तास धरले तर हाती ४५, आणि त्याचे सत्तर टक्के म्हणजे जेमतेम ३१. बसत नाही. हे आज कळलं तर बरं, सातव्या दिवशी कळलं तर घबराट.

मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढा आणि प्रत्येक प्रकरणावर साधारण किती गुण येतात ते लिहा. त्याला लागणाऱ्या तासांनी भागा. १२ गुणांचं आणि ३ तासांचं प्रकरण तासाला ४ गुण देतं. ६ गुणांचं आणि ५ तासांचं जेमतेम सव्वा. वरून खाली क्रम लावा, ज्या प्रकरणांवर पुढचं अवलंबून आहे ती वर सरकवा, आणि सात-साडेसातव्या दिवशी नवीन शिकणं बंद. उरलेला दीड दिवस उजळणीचा. खालची तीन-चार प्रकरणं जाणूनबुजून सोडा. सगळी बारा अर्धीमुर्धी करण्यापेक्षा आठ नीट केलेली जास्त गुण देतात.

सबमिशन हुकणार असं दिसलं तर तारखेच्या आधी कळवा. चार वाक्यं पुरतात: ‘सर, शुक्रवारच्या रिपोर्टबद्दल लिहितोय. मसुदा झाला आहे, दुरुस्ती आणि संदर्भसूची बाकी आहे. मला सोमवारपर्यंत मुदत मिळू शकेल का? झालेला भाग सोबत जोडला आहे.’ काय झालंय, काय राहिलंय, नेमकी कुठली तारीख हवी, हे त्यात आलं. शुक्रवार उलटून गेल्यावर लिहिलेल्या लांबलचक माफीपत्रापेक्षा याला होकार मिळण्याची शक्यता खूप जास्त.

वेळापत्रकाने न सुटणारा ताण

काही ताण वेळेच्या हिशोबात मावत नाही. दोन आठवडे उलटले तरी झोप किंवा भूक बिघडलेलीच आहे, आवडत्या गोष्टीतही मन लागत नाही, वर्गात जायच्या कल्पनेनेच धाप लागते, विनाकारण रडू येतं, तर समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना भेटा. स्वतःला इजा करून घ्यायचा विचार आला तर थांबू नका. त्याच क्षणी जवळच्या मोठ्या माणसाला सांगा, एकटे राहू नका, तातडीच्या मदतसेवेला फोन करा.

पहिल्या भेटीत काय बोलायचं हे सुचत नसेल तर तुमची दोन आठवड्यांची वही सोबत न्या. किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, कुठल्या तासांपुढे १ लिहिलाय, कुठली कामं रोज पुढे ढकलली गेली, हे सगळं त्यात तारखेसकट आहे. ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगून वही पुढे केली तरी समोरच्या माणसाला बोलणं कुठून सुरू करायचं ते कळतं.